पाहुणीच्या हत्याराची पूजा

साताऱ्याला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, कासची फुलं पाहिली का, ठोसेघरचा धबधबा पाहिला का. मी यातलं काहीही पाहिलं नाही. मी एक नळी पाहिली. बोटभर लांबीची, पोलादाची, आतून आरशासारखी. तिला डोळा लावला की पलीकडे अजिंक्यताऱ्याचा तुकडा दिसायचा, तेवढंच काय ते माझं स्थलदर्शन. तरीही परत आल्यापासून मी त्या नळीबद्दलच बोलते आहे आणि घरचे कंटाळले आहेत, म्हणून आता लिहून काढते.

मी नागपूरची. आमच्या कारखान्यात दवाखान्यातल्या खाटा बनतात, पायाने दाबलं की वर येणाऱ्या. खाटेच्या पोटात एक छोटा पंप असतो, पंपात एक नळी आणि त्या नळीत वरखाली होणारा दट्ट्या. दोघांमधली फट अगदी नेमकी लागते. डोक्यावरच्या एका केसाचे उभे तीसेक भाग करता आले, तर त्यातले दोन-तीन भाग, एवढीच. फट जास्त झाली तर तेल गळतं आणि पेशंट हळूहळू खाली येतो. कमी झाली तर दट्ट्या अडकतो आणि पेशंट वरच राहतो. दोन्ही वेळा नातेवाईक ओरडतात, आणि ते ओरडू नयेत म्हणून मला पगार मिळतो. मी माल तपासते. मापात बसला तर घेते, नाही तर परत पाठवते, आणि माझ्यापुढे कोणाची वशिलेबाजी चालत नाही अशी माझी स्वतःचीच समजूत आहे.

या खेपेचं काम साताऱ्याच्या विलासरावांना द्यायचं घाटत होतं. नळी ते करणार आणि दट्ट्या त्यांची धाकटी बहीण मंगल करणार. मंगल सांगलीजवळ माधवनगरला दिलेली. तिथे घरामागच्या शेडमध्ये तिने ग्राइंडिंगचं मशीन बसवलं होतं, पण इतकं बारीक काम तिला आजवर कोणी दिलं नव्हतं. निघताना साहेबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की नमुन्याची जोडी जमली तर काम दोघा भावंडांना, नाही जमली तर नळी विलासरावांकडे राहील आणि दट्ट्या दुसरीकडे जाईल. म्हणजे टांगणीला लागली होती ती मंगल, आणि मी तिला अजून पाहिलंही नव्हतं.

सोबत माझी लाकडी पेटी होती. तिच्यात मखमलीवर एक पोलादी रिंग आणि एक पोलादी पिन. रिंग म्हणजे नळीचं आदर्श माप, पिन म्हणजे दट्ट्याचं. आमच्या धंद्यात यांना मास्टर म्हणतात. दोन गावांत दोन मापं नकोत म्हणून मी ती नागपूरहून मांडीवर घेऊन आले होते. पेटीला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा नियम मी भेटेल त्याला ऐकवत होते.

सातारा

पोचले तो अष्टमीचा दिवस होता. विलासरावांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं आणि पहिली नजर त्यांच्या पायांकडे गेली. माणूस अनवाणी होता. लेथच्या आजूबाजूला लोखंडाचा कीस पडलेला, कुरळा, चकचकीत आणि ब्लेडसारखा धारदार, आणि हे गृहस्थ त्यातून वाट काढत माझं स्वागत करायला येत होते. हातात काठी, काठीच्या टोकाला मोठं लोहचुंबक. एक पाऊल टाकायच्या आधी चुंबक फिरवायचं, कीस उचलला गेला की तिथे पाऊल ठेवायचं. देवीची पालखी निघावी अशा संथपणे ते माझ्यापर्यंत पोचले.

आमच्याकडेही नवरात्रात लोक कोराडीच्या देवीला पायी जातात, कित्येक अनवाणी जातात, पण कारखान्यात येताना बूट घालून येतात. मी हे त्यांना सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"देवीला बोललोय, मॅडम. मंगीचा दट्टा माज्या नळीत बसला की मगच पायात चप्पल घालायची."

इतकी वर्षं मी मालाचे कागद पाहत आले, मालामागे नवस पहिल्यांदा पाहिला.

मग काम सुरू झालं. नळीचं भोक नुसतं पाडून भागत नाही. पाडायचं, रुंदवायचं आणि शेवटी त्याचं होनिंग करायचं, म्हणजे दगडाच्या बारीक कांड्या आतून फिरवत, पुढे-मागे नेत ते घासायचं. वरून तेलाची धार चालू. विलासरावांनी एक नळी काढली, पुसली, मापली आणि काटा बरोबर आल्याचं मला विजयी मुद्रेने दाखवलं. मी म्हटलं, आधी चहा घेऊ. ते बुचकळ्यात पडले, पण चहा आला. चहा होऊन, कंदी पेढे होऊन, पावसापाण्याच्या गप्पा होऊन मी तीच नळी पुन्हा मापायला सांगितली. ती आता लहान भरली. घासून तापलेलं पोलाद फुगलेलं असतं. कढईतून काढलेल्या पुरीवर जसा विश्वास ठेवायचा नसतो, तसा त्याच्यावरही नाही. विलासराव हे जाणत होतेच, पण माझ्या घाईची काळजी करून त्यांनी स्वतः घाई केली होती. त्यांनी पुढच्या नळ्या निवू दिल्या आणि मगच मापायला आणल्या.

दुसरं विघ्न कानावाटे आलं. शेडच्या मागे मंडळाचा मांडव होता आणि तिथे स्पीकरची चाचणी सुरू झाली. ढोलाचा एकेक ठोका पडायचा आणि माझ्या डायलचा काटा जागच्या जागी दांडिया खेळायचा. विलासराव चुंबक फिरवत, देवीची पालखी काढत, मांडवापर्यंत जाऊन विनंती करून आले. मंडळाची पोरं चांगली. त्यांनी स्पीकर बंद तर केलाच, वर माइकवरून साऱ्या वस्तीला सांगितलं की नागपूरच्या मॅडमचं माप चालू आहे, तोवर शांतता राखावी. शेजारच्या गॅरेजवाल्यानेही हातोडा खाली ठेवला. इतक्या मानाने मी आयुष्यात कधी माप घेतलं नव्हतं.

नळी पास झाली. मी स्वतः, माझ्या रिंगवर, निवांत थंड झालेली मापली आणि पास म्हटलं. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण पुढे ते माझ्याच गळ्यात पडलं.

दुपारी त्यांच्या घरून उपासाचा डबा आला. आम्ही जिला भगर म्हणतो तिला ते वरी म्हणतात आणि वर शेंगदाण्याची झणझणीत आमटी ओततात. नागपूरच्या माणसाला तिखटाचं कौतुक कोणी सांगू नये, पण उपासाच्या दिवशी डोळ्यांत पाणी आणणारी आमटी मी तिथेच पहिल्यांदा खाल्ली. जेवता जेवता विलासराव बहिणीविषयी बोलले. दोघं एकाच लेथवर वडिलांकडे शिकली. मंगलचा हात भावापेक्षा हलका, हे वडील उघड बोलून दाखवायचे. पण लेथ एकच, आणि पोरगी परक्या घरी जाणार, तेव्हा लेथ भावाला मिळाली. वडिलांना ते लागून राहिलं असावं, कारण मंगलच्या लग्नात रुखवतावर लाडू-चकल्यांच्या मधोमध त्यांनी आपला जाडी मोजायचा मायक्रोमीटर मांडला होता. वऱ्हाडी मंडळींना तो नक्षीचा अडकित्ता वाटला. कोणीतरी त्यात सुपारी घालूनही पाहिली म्हणे.

"लेथ माज्याकडं ऱ्हायली आन् नजर तिच्यासंगं गेली," विलासराव म्हणाले आणि आमटी भुरकू लागले.

साताऱ्याहून माधवनगर

नळी उन्हात तापू नये म्हणून विलासरावांनी ती कुल्फीवाल्याच्या जुन्या थर्माकोलच्या डब्यात फडक्यात गुंडाळून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मांडीवर तो डबा आणि दुसऱ्या मांडीवर माझी पेटी घेऊन मी एसटीत बसले. कराडला शेजारी एक बाई येऊन बसल्या. त्यांनी आपलं फडकं सोडून मला शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी दिली, आणि मग माझ्या डब्याकडे पाहत बसल्या. नागपूरला कोणी खायला दिलं तर आपण नको नको म्हणत घेतो आणि विषय संपतो. इथे देणं ही एक बाजू असते आणि दुसरी बाजू डब्यात थंड होत असते. इस्लामपूरच्या आसपास मला त्यांचा राग जाणवायला लागला, तेव्हा मी झाकण उघडून नळी दाखवली.

बाईंनी ती बराच वेळ पाहिली. एवढ्याशा लोखंडाला कुल्फीचा डबा कशाला, असं विचारलं. मी म्हटलं, ऊन लागलं की ही फुगते. त्यावर त्या म्हणाल्या की त्यांच्या जावेचंही तसंच आहे, पण तिला कोणी डब्यात ठेवत नाही. नंतर आमचं फार छान जमलं.

माधवनगरला पोचले तो खंडेनवमीचा दिवस, आणि इथे माझ्या साऱ्या बेतावर पाणी पडलं. मशीनला केळीचे खुंट बांधलेले, वर झेंडूचं तोरण. पुढे पाटावर सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडलेली: पाने, हातोड्या, ऊसतोडीचे कोयते, विळ्या आणि सगळ्यांच्या मधे रुखवतातला तो मायक्रोमीटर. मंगल पदर खोचून रांगोळी काढत होती. चाळिशीतली, अंगाने किरकोळ, बोलणं कमी, नवरा फौजेत दूर कुठेतरी सीमेवर. मी डबा खाली ठेवून म्हटलं, चला, दट्ट्यावर शेवटचा हात फिरवू. ती नुसती हसली आणि तिने सासूकडे पाहिलं.

सासूला तिकडे आत्ती म्हणतात. या आत्ती उंच, नाकात मोठी नथ, आवाज शिवारात हाक मारायच्या मापाचा.

"आज हत्यारं बसल्यात, बाई. उद्या उठतील. तवर कुणी हात लावायचा न्हाई."

मी वाद घातला. तारीख सांगितली, साहेबांचं नाव सांगितलं. आत्तींवर कशाचाही परिणाम झाला नाही. खंडेनवमी आमच्याकडेही असते, आम्हीही मशीनला हार घालतो, पण हार घालून झाला की दुसऱ्या पाळीला बटण दाबतो. इथे हत्याराला एक दिवसाची खरी सुट्टी. रागाच्या भरात मी पेटी उचलून बाजूला ठेवायला निघाले, तर आत्तींचा हात पुढे आला. पेटीतली हत्यारंही पाटावर यायला हवी होती.

मी माझा नियम ऐकवला. त्यांनी त्यांचा ऐकवला: पाहुण्याचं हत्यार पूजेबाहेर ठेवलं तर ते रुसतं आणि मग घरातलं काम बिघडतं. नियमाला नियम भिडला. मंगल मधे पडली आणि तिने मार्ग काढला की मॅडमच्या हत्याराला मॅडमनीच हळदकुंकू लावावं, म्हणजे दोघींचंही राहील. मला तो न्याय पटला. रिंग आणि पिन पाटावर आली. आत्तींनी वाटीत ओली हळद पुढे केली आणि सांगितलं की ही घरच्या रानातली आहे, बाजारातली नाही. मी अनामिकेने पिनीच्या टोकावर, जिथे तिचा नंबर कोरलेला आहे, तिथे एक ठिपका लावला. टोकाला माप घेत नसतात, माप घेतात ते अंगाला. किती विचार करून लावला, म्हणून मी स्वतःवर फार खूश झाले.

मग दिवसभर मला कामच नव्हतं. मी गिरण्यांच्या जुन्या भिंतींकडेने हिंडले, लसणाचं भडंग खाल्लं, त्यात दाणे किती आणि मुरमुरे किती यावर दुकानदाराशी हुज्जत घातली. संध्याकाळी मंगलने मशीन दुरूनच दाखवलं. दगडाचं चाक झिजतं तसं त्याला हिऱ्याच्या टोकाने पुन्हा साफ करायचं, फार दाबायचं नाही, ठिणगीचा झुपका बारीक होत होत दोन-चार ठिणग्यांवर आला की थांबायचं. तिने एकच अडचण सांगितली. शिवारात थ्री-फेज वीज आली की विहिरींवरच्या साऱ्या मोटारी एकदम चालू होतात, व्होल्टेज पडतं, चाकाची गती हलते आणि दट्ट्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या लाटा उठतात. म्हणून बारीक काम ती सकाळी करते. बोलताना तिचं लक्ष सारखं कुल्फीच्या डब्याकडे जात होतं. दादाची नळी कशी झाली, असं तिने तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी म्हटलं, उत्तम.

दसरा

सकाळी आत्तींनी अक्षता टाकून पाट हलवला आणि हत्यारं उठली. मी आपली पिन उचलली, फडक्यावर तेलाचा थेंब घेऊन टोकाची हळद पुसली आणि सवयीने तेच फडकं पिनीच्या सगळ्या अंगावरून फिरवलं. मंगलने पिन काट्याखाली ठेवून काटा शून्यावर आणला. मग पिन काढून दट्ट्या. थोडं घासायचं, निवू द्यायचं, काट्याखाली ठेवायचं, पुन्हा थोडं घासायचं. शेवटच्या वेळी ती श्वास रोखून काम करत होती आणि नकळत मीही. काटा शून्यावर येऊन थांबला. मी मापून पाहिलं, बरोबर शून्य.

कुल्फीच्या डब्यातून नळी निघाली. मंगलने दट्ट्याला तेल लावलं आणि तोंडाशी धरला. दट्ट्या आत जाईना. मान मिळाल्याशिवाय उंबरा न ओलांडणाऱ्या जावयासारखा तो तोंडाशीच उभा राहिला. मी म्हटलं, तापला असेल. आम्ही वाट पाहिली. नळी आणि दट्ट्या एकाच ताटात शेजारी शेजारी ठेवून दोघांनाही सारखं थंड होऊ दिलं. नंतरही तेच.

विलासरावांना फोन लावला. नळी मॅडमनी पास केलेली आहे, असं ते म्हणाले. दट्ट्या मॅडमच्याच पिनीवर शून्य आहे, असं मंगल म्हणाली. दोघंही माझाच दाखला देत होते आणि दोघांचंही खरं होतं. आणि दोघांचं खरं असेल तर दट्ट्या आत जायला हवा होता. अशा वेळी आमच्यासारखे लोक गप्प बसत नाहीत, व्याख्यान देतात. मी दिलं. एखादी वस्तू कुठूनही मापा, सारखीच भरते, पण ती गोल नसते, तिला नकळत तीन कोपरे आलेले असतात, ग्राइंडिंगमध्ये हा दोष येतो, दोन बाजूंनी मापलं तर तो सापडत नाही आणि भोकात मात्र बसत नाही. फोन चालूच होता. विलासराव सगळं ऐकत होते. मंगलचा चेहरा उतरला.

तिने दट्ट्या व्हीच्या आकाराच्या ठोकळ्यावर ठेवला आणि वर काटा टेकवून हळूहळू फिरवला. तीन कोपरे असते तर काटा हलला असता. तो हलला नाही. दट्ट्या गोल होता, आणि माझं व्याख्यान वाया गेलं होतं. पण आता फोनवर विलासरावांचा आवाज चढला. गावातल्या ग्राइंडिंगवाल्याकडूनच हे काम करून घ्यायला हवं होतं, बहीण म्हणून गळ्यात घेतलं, असं ते बोलून गेले. मंगलने फोन माझ्या हातात दिला आणि ती चाक पुसायला लागली. ते पुसायची काही गरज नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि तरी अहवालात काय लिहायचं ते मनात ठरतही होतं: नळी ठीक, जोडी जमत नाही, दट्ट्या दुसरीकडून करून घ्यावा.

मी सीमोल्लंघन तिकडंच करतो, एवढं म्हणून विलासराव मोटरसायकलवर निघाले.

आत्तींनी मात्र नैवेद्य झाल्यावर, बऱ्याच उशिरा का होईना, पानं वाढली. पुरणपोळी, कटाची आमटी, पोळीवर साजूक तुपाची धार. काम बिघडलं म्हणून दसऱ्याचं पान थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी घास घेतला आणि माझ्या अनामिकेचं नख पिवळं दिसलं. दोन वेळा साबणाने हात धुतले होते. मी ते ताटाच्या कडेला खरवडू लागले तशा आत्ती म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. ही घरची हळद हाय. पुसली तरी आठ दिस हलत न्हाई."

मी पोळी अर्धी टाकून उठले. पुरणपोळी अर्धी टाकून उठणाऱ्या बाईकडे त्या घरात जसं पाहतात तसंच सगळ्यांनी पाहिलं. शेडमध्ये जाऊन मी कोरं पांढरं फडकं घेतलं, त्यावर स्पिरिट ओतलं आणि पिनीचं अंग पुसलं. फडकं पिवळं झालं. टोकावरची हळद मी काढली होती खरी, पण काढून सगळ्या अंगाला चोपडली होती. स्वच्छ पिन काट्याखाली ठेवली, तर काटा शून्याच्या पार खाली गेला. हळदीच्या पापुद्र्याने पिन जाड झाली होती, जाड पिनीवर शून्य लावलं होतं, आणि मंगलने त्या शून्यावर इमानाने जाड दट्ट्या केला होता.

शेडमध्ये मी एकटीच होते. फडकं खिशात घालता आलं असतं. हवामानामुळे फरक पडला, आता पुन्हा करू, असं म्हटलं असतं तर कोणी विचारलंही नसतं. हा विचार माझ्या मनात आला आणि चांगला घटकाभर बसून राहिला. मग बाहेर मोटरसायकल थांबली. विलासराव आत आले. अनवाणीच. नवरात्र संपलं होतं, दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं होतं, साताऱ्याहून माधवनगरपर्यंत गाडीचा गिअर त्यांनी उघड्या पायाने टाकला होता, कारण दट्ट्या अजून बसला नव्हता. ते पाय पाहिल्यावर फडकं खिशात राहीना. मी ते सगळ्यांसमोर टेबलावर पसरलं.

"नळी बरोबर आहे, मंगलचं कामही बरोबर आहे," मी म्हटलं. "चुकीची होती ती माझी पिन. हळद मीच लावली आणि मीच पुसायला चुकले."

मंगल त्या फडक्याकडे पाहत राहिली. मला तिच्याकडे पाहता येईना. शेवटी आत्तींनीच निवाडा केला. हळद मी दिली, लावली तुम्ही, पुसली तुम्ही, हळदीनं तिचं काम केलं, आता माणसांनी आपलं करावं, असं त्या म्हणाल्या आणि माझी अर्धी पोळी झाकून ठेवायला निघून गेल्या.

जाड दट्ट्या बारीक करता येतो, उलटं असतं तर सगळंच संपलं असतं. पण आता दुपार टळली होती आणि ही मोटारींची वेळ. मंगलने व्होल्टेजच्या मीटरकडे पाहिलं. काटा जागचा हलत नव्हता. दसरा होता, सारं शिवार घरी पुरणपोळी खाऊन आडवं झालं होतं आणि एकही मोटार चालू नव्हती. ज्या सणाने आम्हाला बुडवलं होतं त्यानेच हात दिला. मंगलने चाक सुरू केलं. ठिणग्यांचा झुपका आधी दाट, मग विरळ, मग दोन-चार. विलासराव दारातच उभे होते. बहिणीच्या कामाकडे ते पाहत होते आणि मी त्यांच्याकडे.

पिनीवर शून्य. दट्ट्यावर शून्य. मंगलने नळी उभी धरली, तेल लावलेला दट्ट्या तोंडाशी नेला आणि सोडून दिला. तो पडला नाही आणि अडलाही नाही. आपल्याच वजनाने, खालची हवा हळूहळू बाहेर सारत, तो उतरत गेला. खाली टेकला तेव्हा एक बारीक सुस्कारा ऐकू आला. तो नळीचा होता की आमच्यापैकी कोणाचा, हे मला आजही सांगता येणार नाही.

विलासरावांनी खिशातून आपट्याची पानं काढली आणि बहिणीच्या हातात ठेवली.

"मंगे, पुढल्या खेपेला पयला दट्टा तू कर. नळी मी तुज्या मापानं घासतो."

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. आमच्या धंद्यात जो आधी होतो तो थोरला, आणि दुसऱ्याने त्याच्याशी जुळवून घ्यायचं असतं. नमुन्यात नळी आधी झाली होती. मंगलने पानं घट्ट धरली. मग तिने भावाला विचारलं, "जेवलास का, दादा?"

ते नाही म्हणाले. गाडीला अडकवलेल्या पिशवीतून त्यांनी चप्पल काढली, शेडच्या दारात उभं राहून पायात घातली आणि दोन पावलं टाकून थांबले.

"चावतीया," ते म्हणाले, आणि तसेच लंगडत हात धुवायला गेले.

मी माझी अर्धी पोळी पूर्ण केली. आत्तींनी वर आणखी एक वाढली आणि मी ती मुकाट्याने खाल्ली, कारण त्या दिवशी नाही म्हणायचा अधिकार मी गमावला होता. निघताना त्यांनी घरच्या हळदीची पुडी दिली आणि पेटीत ठेवू नका म्हणून बजावलं. मी ती कुल्फीच्या डब्यात घालून नागपूरला आणली.

आता पहिल्या खेपेचा माल येऊ लागला आहे. आधी माधवनगरचं खोकं येतं, त्याच्यामागून साताऱ्याचं. पिनीचं अंग मी हल्ली दोनदा कोऱ्या फडक्याने पुसते. टोकावर कोरलेल्या नंबरात मात्र अजून थोडी हळद बसलेली आहे. तिथे माप घेत नाहीत, म्हणून मी ती राहू दिली आहे.